मनुकाकडे आलेल्या दोघी

मनुकानं माझ्या चष्म्यावर मुतलं. असं सरळ लिहिल्याबद्दल माफ करा, पण सभ्य शब्द वापरले तर त्या प्रसंगात काही जीवच उरत नाही. चिंचिला म्हणजे दाट मऊ केसांचा, कुरतडणारा छोटा प्राणी. त्याची मादी चिडली की मागच्या दोन पायांवर ताठ उभी राहते आणि समोरच्यावर फवारा मारते, नेम एकदम पक्का, हे मला वाचून माहीत होतं, पण इतक्या वर्षांत तिनं माझ्यावर कधी ही वेळ आणली नव्हती. मी तिच्या पिंजऱ्यापाशी वाकलेले, हातात नव्या दोघींच्या पिंजऱ्यातली लाकडी फळी, तिला त्यांच्या वासाची सवय व्हावी म्हणून आत ठेवायला आणलेली. मला वाटलेलं ती हुंगेल, मिशा हलवेल, फार तर पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन बसेल. तिनं एकदा फळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग जे केलं ते केलं. चष्मा धुतला, तोंड धुतलं, हॉलमधून नवरा हसतोय ते ऐकलं, आणि विषय संपला असं वाटलं. रात्री मात्र डोक्यातून जाईना. फवारा फळीवर होता की माझ्यावर? फळी तर माझ्या छातीपाशी होती.

मनुका आणि बेदाणा, दोघी बहिणी, लेक पाचवीत असताना आल्या. नवरा पुण्याला ससा आणायला गेला होता आणि ह्या दोघींना घेऊन आला, कारण म्हणे दुकानातल्या सगळ्या प्राण्यांत ह्याच दोघींनी त्याच्याकडे बघितलं. त्याच आठवड्यात तासगावच्या मावशीनं बेदाण्यांचं खोकं पाठवलेलं, ते टेबलावर उघडं पडलेलं, लेकीनं तिथल्या तिथं नावं ठेवून टाकली. पुढे कळलं की चिंचिलांना बेदाणा जिवापाड आवडतो आणि तो त्यांना द्यायचा नसतो, साखर त्यांच्या पोटाला सोसत नाही, दिलाच तर क्वचित कधीतरी अर्धा तुकडा. म्हणजे सांगली जिल्ह्यात राहायचं, घरात बेदाण्याचे डबे भरलेले, आणि बेदाणा नावाच्या प्राण्याला बेदाणा द्यायचा नाही. घासाचं पण तेच. आमच्याकडे लसूणघासाच्या पेंढ्या दारावर मिळतात, पण त्यात कॅल्शियम जास्त, मोठ्या चिंचिलाला रोज चालत नाही, तिला टिमोथी नावाचं वाळलं गवत लागतं, ते पाकिटातून कुरिअरनं येतं. दूधवाल्यानं एकदा पाकिटावरची किंमत वाचली आणि म्हणाला, "वैनी, दोन-चार वर्सं साठवलं तर ह्यात म्हस येईल की."

आणि एसी. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उंच, कोरड्या, दगडाळ उतारावरचा प्राणी, त्याला घाम येत नाही, अंगावर इतके दाट केस की एकेका मुळातून पन्नास-साठ निघतात, २५ डिग्रीच्या वर गेलं की उष्माघाताची भीती, आणि आमची सांगली एप्रिलमध्ये चाळिशीला टेकणारी. घरात एसी एकच, तो ह्यांच्या खोलीत. लाईट गेली की फ्रीझरमधल्या गोठवलेल्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवायच्या, आत कडाप्प्याचा एक तुकडा कायम असतो, त्यावर पोट टेकून पसरतात. अंघोळ पाण्यानं करायचीच नाही, ते केस वाळत नाहीत लवकर, आत बुरशी धरते, म्हणून ज्वालामुखीच्या राखेची पूड मागवायची, भांड्यात ओतायची, त्यात त्या गिरकी घेत लोळतात आणि पूर्ण खोलीभर पांढरा थर. कृष्णेची चांगली चाळलेली वाळू आणून देतो म्हणाला होता एकजण, ती चालत नाही, खरखरीत असते. आमच्या आत्या (नवऱ्याच्या आत्या, पण मीही आत्याच म्हणते) हे सगळं बघून एकदाच बोलल्या, "जनावरांना एसी आणि माणसांना पंखा, चांगलंय." परत कधी तो विषय काढला नाही, त्यांची तशी पद्धतच आहे, एकदा बोलायचं आणि मग बघत राहायचं.

गेल्या पावसाळ्यात बेदाणा गेली. दातांचं झालं. चिंचिलाचे दात जन्मभर वाढत राहतात, वरचे खालचे एकमेकांवर नीट घासले नाहीत तर वाकडे वाढतात, गालात रुततात, मुळं पण आत आत वाढत जातात, मग खाणं बंद. मिरजेला अर्ध्या कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात, आणि आम्ही मात्र बेदाणाला घेऊन पुण्याला पळत होतो, कारण चिंचिलाचे दात बघणारा डॉक्टर तिकडे. भर पावसात हायवेवर, मांडीवर बास्केट, त्यातून तिच्या लाळेनं ओल्या झालेल्या गळ्याचा एक आंबूस वास. फार लिहीत नाही त्याबद्दल.

मग मनुका एकटी राहिली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की ती उदास आहे.

ठरवलं असंच म्हणते मी, कारण खरं सांगायचं तर तिच्यात मला फार फरक दिसला नव्हता. पहिले काही दिवस ती बेदाणाच्या वरच्या फळीवर जाऊन बसायची, ते बघून पोटात तुटायचं, मग ते पण बंद झालं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी दर रविवारी तिचं वजन करते, म्हाताऱ्या चिंचिलाचं आधी वजन बोलतं मग बाकीचं, आणि ते चक्क वाढलेलं, गवताच्या घमेल्यात आता दुसरं कोणी तोंड घालत नव्हतं ना. पण लेक पुण्याला इंजिनिअरिंगला, नवरा दिवसभर बँकेत, मी दुपारी शाळेतून घरी येऊन कुलूप काढते तेव्हा घरात एक टाचणी पडली तरी ऐकू येईल, आणि त्या खोलीतनं पूर्वी दोघींची कुजबुज यायची, किर्र किर्र, बारीक, ती येत नव्हती. व्हिडिओ कॉलवर लेक म्हणाली, "आई, त्या जंगलात वसाहती करून राहतात, तिला कंपनी बघ ना." आता जंगलातल्या आणि आमच्या मनुकामध्ये किती अंतर. पाळीव चिंचिला बहुतेक सगळ्या त्या चॅपमनच्या. १९२३ साली हा खाणीतला इंजिनिअर अकरा-बारा जिवंत चिंचिला चिलीतून जहाजानं कॅलिफोर्नियाला घेऊन गेला, डोंगरावरून हळूहळू खाली उतरवत, उष्णता लागू नये म्हणून बर्फ ठेवत. जीव लावून नेल्या आणि नेल्या कशासाठी तर फरसाठी, एका कोटाला शंभराच्या वर कातडी लागतात. असं त्यांचं घराणं. पण लेक लांबून सांगते तेव्हा आई ऐकते, आणि मला पण ती कुजबुज हवी होती, ते कशाला लपवू.

पुण्यातलं एक कुटुंब परदेशी चाललेलं, त्यांच्याकडच्या दोघी बहिणी, वय दोनच्या आतबाहेर. एक फिकट बदामी रंगाची, ती हळद, आणि एक जवळजवळ काळी, ती मोहरी. डिसेंबरात आणल्या, थंडीत, म्हणजे लेकीच्या खोलीत एसीशिवाय ठेवता आल्या. पहिला महिनाभर दोन खोल्या वेगळ्या, हात धुऊन ह्या खोलीतून त्या खोलीत, नव्यांना काही आजार असला तर म्हातारीला नको. मग पिंजरे शेजारी शेजारी, मध्ये चार बोटांचं अंतर, कारण जाळीतून बाहेर आलेलं बोट दुसरी चावून तोडू शकते. मग फळ्यांची अदलाबदल, धुळीचं भांडं सामायिक, आज हिनं लोळायचं, उद्या त्याच पुडीत त्यांनी. चष्म्याचा प्रकार ह्याच टप्प्यातला. हळद त्या सगळ्या काळात जाळीला तोंड लावून उभी असायची, समोर कोण आहे कोण आहे करत. मोहरी मागे. मनुका त्यांच्याकडे पाठ करून, पण एक कान मागे वळवलेला.

समोरासमोर आणायचं तर कोणाचीच नसलेली जागा लागते, ती म्हणजे बाथरूम. दुपारपासून खडखडीत कोरडं करून ठेवायचं, कमोडचं झाकण लावायचं, मी उलट्या बालदीवर बसायचं, हातात जाड टॉवेल, भांडण पेटलं तर मध्ये घालायला. सांगते, एवढं टेन्शन मला लेकीच्या दहावीला नव्हतं. पहिल्या वेळी मनुका पाइपामागे जाऊन बसली ती बसलीच, हळद चार भिंती उड्या मारत मोजून आली आणि मोहरीनं माझी चप्पल कुरतडली. नंतर नंतर पाठलाग सुरू झाले, एकमेकींच्या अंगावर चढणं सुरू झालं, हे वाईट दिसतं पण ते कोण मोठं कोण धाकटं ठरवण्यापुरतं असतं, त्यात पडायचं नाही. दात कटकट वाजले की सावध व्हायचं. एकदा मनुका आणि हळद इतक्या वेगानं भिडल्या की मला नीट दिसलंच नाही, नुसता आवाज, एक कर्कश भुंकल्यासारखा, आणि मग फरशीवर बदामी केसांचा हा एवढा पुंजका. रक्त नाही. शत्रूनं धरलं तर ते केस आपोआप सुटतात, शिकाऱ्याच्या तोंडात केस आणि ही पसार. पण तो पुंजका हातात घेतला ना, वजनच नाही त्याला, मी तो बराच वेळ मुठीत धरून बसले, कोणाची बाजू घ्यायची ते कळेना. मोहरीची गोष्ट वेगळी. ती सरपटत जवळ यायची, डोकं खाली घालायची, डोळे मिटायची आणि तशीच थांबायची. मनुका दोनतीनदा तिला ढकलून गेली, मग एके संध्याकाळी थांबली आणि तिच्या कानामागचे केस दातांनी हलकेच विंचरायला लागली. बेदाणाचे विंचरायची तसेच. मी बालदीवर बसून रडले, सांगून टाकते.

मोठा पिंजरा तिघींसाठी तयार करायचा त्या रविवारी सगळं बाहेर काढलं. व्हिनेगरचं पाणी करून एकेक कांब पुसली, लाकडी घरं नवी, तीही दोन तोंडांची, म्हणजे कोणी कोणाला आत कोंडू शकणार नाही, पाण्याच्या बाटल्या दोन, गवताची घमेली दोन, फळ्यांच्या जागा बदलल्या. हेतू हा की पिंजरा कोणाचाच वाटू नये. मग आधी मनुकाला एकटीला आत सोडलं. ती आत गेली, थांबली, आणि कोपऱ्या-कोपऱ्यात नाक घासत फिरायला लागली. खालून वर, वरून खाली, परत खाली. जिथं तिची फळी होती तिथं वर बघून उभी राहिली. व्हिनेगरचा वास माझ्या पण नाकात होता, आणि मला एकदम गावभागातलं घर आठवलं, म्हणजे हेच घर, ज्यात मी उभी होते, पण २०१९ च्या ऑगस्टमधलं.

त्या वर्षीच्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली हे इथं कोणाला सांगायला नको. आम्ही कागदपत्रं, लेकीचं दप्तर आणि बास्केटमध्ये ह्या दोघी एवढं घेऊन बाहेर पडलो आणि विश्रामबागला आत्यांकडे गेलो. काका तेव्हा होते. त्यांची खिडकीतली खुर्ची, तिथं कोणी बसायचं नाही, हे कोणी सांगितलं नाही पण पहिल्याच सकाळी कळलं. आत्यांनी दार उघडलं तेव्हा एक शब्द जास्तीचा न बोलता आतली खोली दिली, स्वतः हॉलमध्ये झोपल्या, भाकरी टाकून वाढत राहिल्या, ह्यात मला कणभर तक्रार नाही, तशी माणसं मिळायला नशीब लागतं. पण मिठाची बरणी. मी भाजी करताना मीठ घ्यायचे आणि बरणी ओट्यावर, गॅसच्या डाव्या हाताला ठेवायचे, आमच्या घरी तिथंच असते. थोड्या वेळानं ती परत मांडणीवर, वरच्या फळीवर. मी परत खाली. त्या परत वर. आम्ही दोघी हसून बोलत होतो, पाणी किती उतरलं ते बोलत होतो, आणि ती बरणी आमच्या मधून वरखाली होत होती, त्यावर एक अक्षर कोणी काढलं नाही. शेवटी एक दिवस मी ती वर ठेवली. हरल्यासारखं वाटलं होतं आणि त्याचीच लाज पण वाटली होती, बाहेर लोकांची जनावरं वाहून गेलेली आणि मी मिठाच्या बरणीचा हिशोब करतेय.

मनुका-बेदाणा तेव्हा आत्यांच्या स्टोअररूममध्ये, पावसानं हवा गार होती तेवढं बरं. दोघी एकाच घरट्यात घुसून बसायच्या, पिंजरा अख्खा मोकळा असून.

आणि मग पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो तो दिवस. भिंतीवर पाण्याची रेघ, खाली बोटभर गाळ, तो काढला, फिनाईल टाकलं, ब्लीचिंग टाकलं, परत धुतलं. सगळं स्वच्छ झालं आणि मी हॉलच्या मध्ये उभी राहिले आणि घराला आमचा वास नव्हता. फोडणी, उदबत्ती, नवऱ्याचं तेल, ओल्या टॉवेलचा वास, काय काय मिळून होतो तो, नव्हताच. भिंती आमच्या, दारं आमची. लेक तेव्हा नववीत, ती म्हणाली, "आपण आत्याआजीकडेच राहूया ना." मनुका पिंजऱ्यात फिरत होती तेव्हा हे सगळं एका झटक्यात आलं, आणि तरीही मी दुसरं दार उघडून हळद-मोहरीला आत सोडलं, कारण पुस्तकात पुढची पायरी तीच होती.

झालं ते असं. भांडण झालं नाही. हळदनं वरचं घर घेतलं, मोहरी मध्ये, आणि मनुका खाली कडाप्प्यावर, रात्रभर, जागी, चारही पाय अंगाखाली. दुसऱ्या दिवशी पण तेच. बघणाऱ्याला वाटेल किती शहाण्यासारख्या राहतायत. मी व्हिडिओ काढून लेकीला पाठवला, तिनं बदाम पाठवले. पण रविवारी काट्यावर म्हातारी घसरलेली दिसली, आणि तिच्या डाव्या मांडीवर केस उडालेली एक जागा, म्हणजे अंधारात काय चाललेलं ते चाललेलंच. पुढच्या रविवारी आणखी कमी. त्या संध्याकाळी मी जुना पिंजरा माळ्यावरून काढला, जुन्या फळ्या न धुता जशाच्या तशा बसवल्या आणि मनुकाला तिच्या घरी ठेवलं. ती आत जाऊन सरळ घमेल्यात शिरली आणि खात सुटली.

तेव्हापासून हे असंच आहे. दोन पिंजरे शेजारी, मध्ये चार बोटं. संध्याकाळी दिवेलागणीनंतर खोलीचं दार लावून तिघी बाहेर, तेव्हा मनुका स्वतःहून त्यांच्यात जाते, मोहरीचे कान विंचरते, हळदला एखादी टपली देते, त्यांच्या घमेल्यातलं गवत खाऊन येते (स्वतःच्यात तेच असताना), आणि पुरे झालं की आपल्या पिंजऱ्याच्या दारात जाऊन बसते. लोक विचारतात, जमलं का त्यांचं? शाळेतल्या बाया विचारतात, लेकीच्या मैत्रिणी विचारतात. मी जमलं म्हटलं तर म्हणतात मग दोन पिंजरे कशाला, नाही म्हटलं तर म्हणतात अरेरे. एका छपराखाली, एका ताटात असल्याशिवाय आपल्याला कोणाचं जमलेलं पटतच नाही. आत्यांचं आणि माझं काय म्हणाल मग? पुरानंतर दर रविवारी आमचा फोन असतो, कधी चुकला नाही, काका गेले त्या रात्री त्यांनी पहिला फोन मला केला. पण चार दिवस एका घरात राहा म्हटलं तर दोघींना घाम फुटेल, आणि ते दोघींना माहीत आहे. वजन मनुकाचं परत वर आलंय. ती सुखी आहे का, मला सांगता येत नाही, त्या फवाऱ्याचंही उत्तर मिळालेलं नाही. कुजबुज परत येते खोलीतनं, पण ती बहुतेक त्या दोघींचीच.

आता नवीन अडचण. आत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलंय, मिरजेला. त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आमचं घर तळमजल्याला, म्हणजे नंतरचा दीड महिना त्या इकडे, हे मीच बोलून बसले आणि त्यांनी पण पहिल्या फटक्यात हो म्हटलं, ह्याचं मला जास्त आश्चर्य. मे महिना, टाके, म्हणजे एसीची खोली हवी. एसीची खोली ह्यांची. थंडी सरल्यावर हळद-मोहरीचा पिंजरा पण तिथंच आलाय, कॉट लावली तर जेमतेम चालायला वाट उरते. रविवारी फोनवर आत्यांनी विचारलं, "त्या रात्री काय करतात?"

"जाग्या असतात," म्हटलं, "हळद चाक फिरवते."

"कितीपर्यंत?"

"पहाटेपर्यंत."

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "म्हातारी पण फिरवते?"

"नाही, ती झोपत नाही पण आवाज नाही करत."

"मग तिला राहू दे माझ्या खोलीत. त्या पोरींचं दुसरीकडे बघ."

नवरा म्हणतो हॉलमध्ये दुसरा एसी बसवू. मी म्हटलं जुनं वायरिंग झेपणार आहे का, पुरानंतर निम्मंच बदललंय आपण. वायरमन शनिवारी येतो म्हणालाय, बघू.